61 टक्के म्हणजे नेमके किती?

वाचकाचे पत्र, थोडक्यात: शाळेच्या शेवटच्या वर्षाचा निकाल लागून तीन आठवडे झाले. मला 61 टक्के मिळाले आहेत. घरात आणि शाळेत माझ्याबद्दल ‘तशी बरी आहे’ यापलीकडे कोणी कधी काही बोलले नाही. एका नावाजलेल्या महाविद्यालयात गणितप्रधान शाखेच्या काही जागा रिकाम्या आहेत आणि तिथे मला प्रवेश मिळू शकतो. फारशा कोणाला माहीत नसलेल्या दुसऱ्या महाविद्यालयात जीवशास्त्राला प्रवेश मिळतो आहे. ताई म्हणते, नाव सोडू नकोस. बाबा म्हणतात, एक वर्ष थांब आणि परीक्षेला पुन्हा बस. माझ्यासारख्या सरासरी मुलीचे महाविद्यालयात निभेल का, आणि निभले तरी पुढे काही होईल का, हे मला खरे खरे सांगा. विषयवार गुण खाली देते आहे.

उत्तर:

तुझ्या पत्रातला सर्वांत उपयोगी भाग तू अगदी शेवटी, जाता जाता लिहावा तसा लिहिला आहेस. भाषा 76, जीवशास्त्र 74, रसायनशास्त्र 58, भौतिकशास्त्र 52, गणित 46. मी बेरीज करून पाहिली. ती 306 होते आणि पाचांनी भागल्यावर 61 च्या किंचित वर जाते. म्हणजे ज्या आकड्यावरून तू तीन आठवडे स्वतःला मोजते आहेस, तो आकडा तुझ्या एकाही विषयात नाही. दोन विषयांत तू वर्गातल्या चांगल्या मुलांच्या रांगेत बसतेस, दोन विषयांत कशीबशी तरतेस आणि गणितात तुझे पाय तळाला टेकत नाहीत. या तीन निरनिराळ्या परिस्थिती आहेत, त्यांवरचे उपायही निरनिराळे आहेत, आणि त्यांची सरासरी काढली की तिन्ही दिसेनाशा होतात. त्यामुळे यापुढे या पत्रात मी ‘सरासरी मुलगी’ हा तुझा शब्द वापरणार नाही.

तुला खरे खरे हवे आहे, म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. गुणांना काही अर्थ नसतो, असे सांगून मी तुझे समाधान करणार नाही. निकालाच्या दिवसांत असे सांगणारे पुष्कळ भेटतात आणि शिक्षण अर्धवट सोडून अफाट यशस्वी झालेल्या दोन-तीन उद्योजकांची नावे त्यांच्या जिभेवर तयार असतात. शिक्षण सोडून नंतर चाचपडत राहिलेल्या असंख्य लोकांची नावे कोणालाच ठाऊक नसतात, म्हणून ती उदाहरणे कोणी देत नाही. शिवाय त्या प्रसिद्ध नावांपैकी काही जणांनी ज्या विद्यापीठातून शिक्षण सोडले, तिथे प्रवेश मिळणे हेच मुळात अत्यंत कठीण होते, हा तपशील सांगताना हमखास गळतो.

गुणांना अर्थ असतो. तो कोणता, हे मात्र नीट पाहायला हवे. एलेन ॲलन्सवर्थ आणि कॅली क्लार्क या संशोधकांनी 2020 मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांतून बाहेर पडलेल्या 55 हजारांहून अधिक विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एका बाजूला शाळेतली वर्षानुवर्षांची श्रेणी आणि दुसऱ्या बाजूला महाविद्यालयीन प्रवेशासाठीच्या प्रमाणित परीक्षेतले गुण, यांपैकी कशावरून हा विद्यार्थी पुढे पदवी पूर्ण करील याचा अंदाज अधिक बांधता येतो, असा त्यांचा प्रश्न होता. शाळेच्या श्रेणीचा प्रभाव परीक्षेच्या गुणांच्या सुमारे पाच पट निघाला. याचे त्यांनी दिलेले स्पष्टीकरण असे की शाळेची श्रेणी एका सकाळच्या बुद्धिचातुर्यावर ठरत नाही. वेगवेगळ्या शिक्षकांकडे, वेगवेगळ्या प्रकारची कामे, महिनोन् महिने वेळेवर पूर्ण करण्याचे सातत्य तिच्यात उतरलेले असते. तुला ही बातमी वाईट वाटेल, आणि काही अंशी ती वाईट आहेही, कारण परीक्षेच्या दिवशी माझे नशीब फिरले, असे म्हणण्याची सोय ती काढून घेते. पण दुसऱ्या बाजूने पाहा. तुझे गुण प्रामुख्याने तुझ्या आजवरच्या सवयींचा हिशेब असतील, तर तुझ्या हाती असलेली गोष्ट बरीच मोठी आहे. सवयी सतराव्या वर्षी बदलता येतात आणि त्या कशा बदलायच्या, हे आज बऱ्यापैकी ठाऊक आहे.

तू लिहितेस की भौतिकशास्त्राचे पुस्तक तू ‘चार वेळा वाचून काढले’, तरी 52 च मिळाले. हे वाक्य मी अनेक वर्षे ऐकत आलो आहे. मी प्रथम वर्षाच्या वर्गांना शिकवत असताना एक विद्यार्थी पहिल्या चाचणीनंतर वही घेऊन माझ्याकडे आला होता. वही देखणी होती. व्याख्या पिवळ्या हायलायटरने, सूत्रे गुलाबी आणि उदाहरणे हिरव्या रंगाने रंगवलेली, समासात चांदण्या काढलेल्या. इतके करूनही गुण का मिळत नाहीत, हा त्याचा प्रश्न होता. मी त्याला आदल्या रात्री वाचलेले पान काढायला सांगितले, ते एकदा वाचू दिले, मग वही मिटून माझ्याकडे घेतली आणि कोऱ्या कागदावर त्या पानावरचे सगळे लिहायला सांगितले. त्याने चार ओळी लिहिल्या. चौथी अर्धी होती. तो कागदाकडे बघत राहिला आणि म्हणाला, ‘पण वाचताना सगळे येत होते.’ अडचण नेमकी तिथेच होती. पान समोर असताना ओळखीचे वाटणे वेगळे आणि पान समोर नसताना ते मनातून काढता येणे वेगळे. परीक्षेत दुसरी गोष्ट लागते आणि तो रोज रात्री पहिलीचा सराव करत होता.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये हाच फरक प्रयोगाने मोजला. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. मग काहींनी तो पुन्हा वाचला आणि काहींनी न पाहता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारले तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे 42 टक्के आठवत होते आणि आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे 56 टक्के. या दोन निकालांतली पाच मिनिटांची गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते, कारण वारंवार वाचणारा विद्यार्थी का फसतो, याचे उत्तर तिच्यात आहे. वाचून झाल्यावर थोड्याच वेळात विचारले तर त्याला खरोखरच जास्त आठवत असते. पुढे 2013 मध्ये जॉन डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा प्रचलित पद्धतींवरचे संशोधन तपासले, तेव्हा स्वतःची चाचणी घेणे आणि अभ्यास दिवसांमध्ये विभागून करणे या दोनच पद्धती सर्वाधिक उपयुक्त ठरल्या. पुन्हा पुन्हा वाचणे आणि ओळी रंगवणे यांना त्यांनी कमी उपयुक्त म्हटले.

तू करायचे ते इतकेच. रोजचा तास संपल्यावर, शक्यतो त्याच दिवशी, वही न उघडता कोऱ्या कागदावर त्या तासाचा मुद्दा लिहायचा. मग वही उघडून, सुटलेले वेगळ्या शाईने भरायचे. दोन दिवसांनी पुन्हा कोरा कागद, आठवड्याने पुन्हा. पहिले दोन आठवडे हे फार निराशाजनक वाटते, कारण आपल्याला काहीच येत नाही, असे रोज स्वतःच्याच अक्षरात दिसते, आणि बहुतेक मुले याच टप्प्यावर पुन्हा रंगीत पेनांकडे वळतात. तू वळू नकोस. भाषेत आणि जीवशास्त्रात तुला जे साधते, ते बहुधा याच मार्गाने साधले असावे. जीवशास्त्राच्या आकृत्या तू न पाहता काढून बघत असणार, कविता पाठ म्हणून बघत असणार. तीच सवय तू भौतिकशास्त्राला लावली नाहीस, असा माझा अंदाज आहे.

गणिताचे दुखणे वेगळे आहे. तिथे आठवणीपेक्षा खालच्या इयत्तांत राहून गेलेल्या खिंडाराचा प्रश्न अधिक असतो. 46 गुण मिळवणाऱ्या विद्यार्थ्याची उत्तरपत्रिका शांतपणे पाहिली तर नवा धडा समजलेला असतो, पण गणित अडते ते अपूर्णांकांच्या बेरजेत, कंस सोडवताना बदलायच्या चिन्हात किंवा गुणोत्तराच्या मांडणीत, म्हणजे तीन-चार वर्षांपूर्वीच्या पायरीवर. तुझ्या उत्तरपत्रिकेची प्रत मिळत असेल तर मिळव आणि प्रत्येक चूक कोणत्या इयत्तेची आहे, ते समासात लिही. लाज वाटेल, पण यादी लहान निघेल. महाविद्यालय सुरू होण्यापूर्वीच्या सुट्टीत ती खालची पुस्तके पुन्हा सोडवून काढ. जीवशास्त्र घेतले म्हणजे गणितापासून सुटका झाली, असे मानू नकोस. प्रयोगांतील मोजमापे, द्रावणांची प्रमाणे, आनुवंशिकतेतील संभाव्यता आणि संख्याशास्त्र यांच्या रूपाने ते तुझ्या मागे येणारच आहे.

आता दोन महाविद्यालयांचा प्रश्न. ताईचे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, कारण नावाला किंमत असते असे सगळे जग मानते. स्टेसी डेल आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी 2002 मध्ये हे तपासले. नामांकित संस्थांचे पदवीधर पुढे जास्त कमावतात, हे तर दिसतेच. पण ते संस्थेमुळे की तिथे मुळातच तशी मुले जातात म्हणून? त्यांनी अमेरिकेतील अशा विद्यार्थ्यांची तुलना केली ज्यांना सारख्याच दर्जाच्या संस्थांनी प्रवेश देऊ केला होता, पण काहींनी अधिक नामांकित संस्था निवडली आणि काहींनी कमी. पुढील कमाईत सरासरीने फारसा फरक आढळला नाही. याला अपवाद होता आणि तो लपवणे योग्य नाही. कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या मुलांना नामांकित संस्थेचा लाभ झाला. तसेच ही सगळी मुले बऱ्यापैकी वरच्या गुणांची होती, त्यामुळे तो निष्कर्ष जसाच्या तसा तुझ्यावर बसवता येणार नाही. पण संस्थेच्या फाटकावरची पाटी एकटी काही करत नाही, एवढे त्यावरून समजते.

तुझ्या बाबतीत तर पाटीसोबत गणितप्रधान शाखा येते आहे. ज्या विषयात तुला 46 आहेत, तो विषय मुख्य, आणि आजूबाजूला त्याच विषयाच्या ओढीने आलेली मुले. हर्बर्ट मार्श या शैक्षणिक मानसशास्त्रज्ञाने 1980 च्या दशकापासून एक निरीक्षण मांडले आणि नंतर ते अनेक देशांत पुन्हा पुन्हा आढळले. सारख्याच क्षमतेचे दोन विद्यार्थी घेतले, त्यांतील एक अतिशय हुशार मुलांच्या संस्थेत गेला आणि दुसरा साधारण संस्थेत, तर पहिल्याचा स्वतःच्या अभ्यासक्षमतेवरचा विश्वास दुसऱ्यापेक्षा कमी होतो, कारण आपण सगळेच स्वतःला शेजारच्या बाकावरून मोजतो. काही स्वभावांना अशी स्पर्धा मानवते. ‘मी हात वर करत नाही, कारण उत्तर चुकले तर सगळे बघतात’ असे लिहिणाऱ्या मुलीला ती मानवेल, असे मला वाटत नाही. मी जीवशास्त्राच्या बाजूने आहे.

मात्र लहान महाविद्यालय म्हणजे आपोआप चांगले महाविद्यालय, असे समजून तिथे जाऊ नकोस. काही ठिकाणी प्रवेश सहज मिळतो आणि पुढे तीन वर्षे कोणी विचारत नाही. पहिल्या वर्षी भरलेला वर्ग शेवटच्या वर्षी अर्धा झालेला असतो आणि गळालेल्या अर्ध्यांचे काय झाले, याची नोंदही कोणाकडे नसते. तेव्हा जागा पक्की करण्याआधी तिथे स्वतः जा. प्रवेश घेणाऱ्यांपैकी किती जण ठरलेल्या मुदतीत पदवी पूर्ण करतात, हे कार्यालयात विचार. उत्तर टाळले तर तेही एक उत्तर समज. पहिल्या वर्षाचे मूळ विषय अनुभवी प्राध्यापक शिकवतात की दर सत्राला बदलणारे तात्पुरते शिक्षक, एका वर्गात किती मुले असतात, प्रयोगशाळेत एका सूक्ष्मदर्शकावर किती जण काम करतात आणि मागे पडणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी जादा तास खरोखर होतात की फलकावर नुसते लिहिलेले असतात, हे सगळे पाहून घे. याची उत्तरे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांकडून मिळव. पहिल्या वर्षाची मुले अजून नवलाईत असतात आणि शेवटच्या वर्षाची मुले मनाने तिथून निघून गेलेली असतात. दुसऱ्या वर्षाची मुले मात्र भरपूर आणि मनमोकळी तक्रार करतात.

अर्जात स्वतःविषयी चार ओळी लिहायला जागा असेल तर ती रिकामी सोडू नकोस आणि तिथे गाऱ्हाणेही मांडू नकोस. जीवशास्त्रातले तुझे गुण आणि त्या विषयात तू आपणहून केलेले एखादे काम पुरे आहे. घराच्या खिडकीखालच्या मुंग्यांची तू दोन महिने नोंद ठेवली होतीस, हे तू मला सहज म्हणून कळवले आहेस. ते तिथे लिहायला हवे.

‘माझे निभेल का’ या तुझ्या मुख्य प्रश्नाला सर्वांत जवळचा अभ्यास सेथ झिमरमन या अर्थतज्ज्ञाचा आहे, 2014 सालचा. फ्लोरिडातील एका मोठ्या सरकारी विद्यापीठात प्रवेशासाठी शालेय श्रेणीची एक किमान रेषा होती. त्या रेषेच्या जेमतेम वर असल्याने आत आलेले आणि जेमतेम खाली असल्याने बाहेर राहिलेले विद्यार्थी त्याने तपासले. गुणांच्या दृष्टीने या दोन गटांत जवळजवळ फरक नव्हता. दोघांनाही कोणी हुशार म्हटले नसते. शाळा संपल्यानंतर आठ ते चौदा वर्षांनी पाहिले तर काठावरच्या ज्या विद्यार्थ्यांना विद्यापीठाचे दार उघडले होते, त्यांची कमाई त्या प्रवेशामुळे सुमारे 22 टक्क्यांनी वाढलेली होती, आणि गरीब घरांतील मुलांना हा लाभ विशेष मिळाला होता. काठावरच्या विद्यार्थ्याला महाविद्यालय झेपत नाही, त्याची वर्षे वाया जातात, या समजाला हा अभ्यास चांगलाच छेद देतो. अर्थात आत आलेला प्रत्येक जण तरला, असा त्याचा अर्थ नाही. काही गळाले. गळती बहुतेक वेळा पहिल्या वर्षातच सुरू होते, म्हणून त्या वर्षाविषयी थोडे सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट इतकी साधी आहे की सांगताना संकोच वाटतो; तासाला बस. मार्कस क्रेडे आणि सहकाऱ्यांनी 2010 मध्ये हजेरीवरचे अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा महाविद्यालयीन गुणांशी हजेरीचे नाते प्रवेश परीक्षेच्या आणि शालेय गुणांपेक्षाही घट्ट दिसले. शाळेत हजेरी सक्तीची असते, त्यामुळे तिचे मोल कळत नाही. महाविद्यालयात पहिल्यांदाच न जाण्याची मुभा मिळते, आणि ज्यांना वर्गात आपण कमी आहोत असे वाटते, ती मुले ती मुभा सर्वांत आधी वापरतात. एका तासाला न कळल्यामुळे दुसऱ्या तासाला न जाणे आणि दुसरा बुडाल्यामुळे तिसरा अजिबात न कळणे, ही साखळी मी अनेकदा पाहिली आहे.

दुसरी गोष्ट अधिक रोचक आहे. 1970 च्या दशकात युरी ट्राइसमन हा गणिताचा शिक्षक बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात काम करत होता. कलनशास्त्राच्या वर्गात कृष्णवर्णीय विद्यार्थी मोठ्या प्रमाणावर नापास होत आणि चिनी वंशाचे विद्यार्थी चांगले यश मिळवत. सहकारी प्राध्यापकांना कारण विचारले तर ठरलेली उत्तरे आली. तयारी कमी, घरचा पाठिंबा कमी, इच्छाशक्ती कमी. ट्राइसमनने दोन्ही गटांतील सुमारे वीस-वीस विद्यार्थ्यांच्या मागे राहून ते प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात, हे दीर्घकाळ पाहिले, आणि यातले एकही कारण टिकले नाही. नापास होणारी मुले मन लावून अभ्यास करत होती, पण एकटी. यशस्वी गटातील मुले आधी एकटी गणिते सोडवत आणि मग एकत्र बसून उत्तरे ताडून पाहत. एकाचेच उत्तर वेगळे आले तर चूक आपली, हे त्याला तिथेच कळे. कोणालाच गणित सुटले नाही तर ते गणितच अवघड आहे, हेही कळे. एकट्याने अभ्यास करणाऱ्याला हा दुसरा दिलासा कधीच मिळत नाही. प्रत्येक न सुटलेले गणित त्याला आपल्या अपात्रतेचा पुरावा वाटत राहते. ट्राइसमनने पुढे जे गट भरवले, त्यांना त्याने ‘कच्च्या मुलांचे वर्ग’ असे स्वरूप दिले नाही; उलट अधिक कठीण गणिते दिली आणि ती एकत्र सोडवायला लावली. निकाल स्पष्टपणे सुधारला.

तू एकटी अभ्यास करतेस, दार लावून, हे तू अभिमानाने लिहिले आहेस. दार लावून पहिला तास कर आणि मग तीन-चार जणींबरोबर बस. पण क्रम बदलू नकोस, नाही तर गटात बसून दुसऱ्यांची उत्तरे उतरवण्याची सवय लागते आणि तिला अभ्यास म्हणता येत नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे एक तरी प्राध्यापक तुला नावाने ओळखायला हवा. गॅलप ही जनमत चाचण्या घेणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी 2014 मध्ये 30 हजारांहून अधिक अमेरिकी पदवीधरांची पाहणी केली. पुढच्या आयुष्यात कामात मन रमणे आणि एकंदर बरे चालणे यांचा संबंध संस्था किती नामांकित होती याच्याशी फारसा दिसला नाही; आपली काळजी करणारा, विषयाची गोडी लावणारा, पाठीशी उभा राहणारा प्राध्यापक भेटला होता का, याच्याशी तो दिसला. असा अनुभव तिन्ही बाबतींत आल्याचे ठामपणे सांगणारे पदवीधर केवळ 14 टक्के होते. हे लोकांनी स्वतःविषयी सांगितलेले आहे आणि आनंदी माणसाला जुने शिक्षक अधिक प्रेमाने आठवतात, ही शक्यताही आहे, तरी माझा स्वतःचा अनुभव या निष्कर्षाच्या बाजूचा आहे. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात शिक्षकाला लक्षात राहतात ती सर्वांत हुशार मुले आणि सर्वांत व्रात्य मुले. मधल्या मुलांना स्वतःहून यावे लागते.

कसे यायचे, तेही सांगतो. ‘सर, मला हा धडा समजला नाही’ असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक तो धडा पुन्हा वाचायला सांगतात, कारण त्या प्रश्नाला हात घालायला जागाच नसते. तीच मुलगी स्वतः सोडवलेला कागद पुढे ठेवून ‘इथे तिसऱ्या ओळीपर्यंत माझे बरोबर आले, चौथी ओळ कुठून आली ते कळत नाही’ म्हणाली, तर पाच मिनिटांत काम होते आणि ती लक्षात राहते. पहिल्या चाचणीनंतरच्या आठवड्यात जा. सत्राच्या अखेरीस जाणाऱ्यांची रांग असते, आणि तोवर करण्यासारखे फार काही उरलेले नसते.

पुढे काय होईल, या प्रश्नाला दोन भागांत उत्तर देतो. काही दारे या गुणांनी सध्या बंद केली आहेत. ज्या अभ्यासक्रमांना गुणांची अतिशय कडक चाळणी असते, तिथे 61 टक्क्यांवर थेट प्रवेश मिळणे जवळजवळ अशक्य असते आणि ‘जिद्द ठेव’ असे म्हटल्याने ती चाळणी मोठी होत नाही. पण त्याच क्षेत्राला लागून असलेली बरीच कामे अशी आहेत जिथे पदवीतून किंवा पदविकेतून जाता येते: प्रयोगशाळेतील तपासण्या, रोगप्रसाराच्या नोंदी आणि त्यांचे विश्लेषण, वनस्पती आणि मातीचे परीक्षण, विज्ञानाचे लेखन. या शेवटच्या कामाकडे मी तुझे लक्ष मुद्दाम वेधतो. भाषेत 76 आणि जीवशास्त्रात 74 अशी जोडी मी कमी वेळा पाहिली आहे. विज्ञान समजणारी माणसे असतात, नीट लिहिणारी माणसे असतात, दोन्ही करणारी शोधावी लागतात.

दुसरा भाग असा की पदवीचे गुण हाती आले की शाळेचे गुण विचारणारे कमी होत जातात. काही नोकऱ्यांत पहिली छाननी टक्क्यांवर होते, तिथे पदवीचे गुण चांगले लागतील, म्हणून वर इतके अभ्यासाविषयी लिहिले. त्यानंतर समोरचा माणूस तुला काय करता येते, ते विचारतो आणि ते दाखवायला एखादे पूर्ण झालेले काम हवे. मुंग्यांची वही हे अपूर्ण काम आहे. ती पूर्ण कर. तापमान आणि वेळ यांच्या नोंदी जोड, त्याचा एक आलेख काढ. गणित तुला तिथे पहिल्यांदा आपलेसे वाटण्याची शक्यता आहे.

राहिला बाबांचा प्रश्न, एक वर्ष थांबण्याचा. परीक्षेच्या काळात मोठे आजारपण आले असते किंवा तुला हव्या असलेल्या अभ्यासक्रमासाठी एखाद्या विषयात किमान गुणांची अट असती आणि तू दोन-तीन गुणांनी हुकली असतीस, तर मीही थांब म्हटले असते. तुझ्या पत्रात यांपैकी काही नाही. तेच पुस्तक पाचव्यांदा वाचून तीच परीक्षा दिलीस तर 61 चे 65 होतील, आणि त्या चार टक्क्यांनी तुझ्यासमोरच्या पर्यायांत फारसा बदल होणार नाही. मैत्रिणी पुढे गेल्यावर घरात एकटीने काढलेल्या वर्षाचा मनावर होणारा परिणाम मात्र बराच असतो.

पण बाबांना हे माझे मत म्हणून ऐकवू नकोस. त्यांनी थांब म्हटले, ते तू महाविद्यालयात कोलमडशील या भीतीने म्हटले असावे, आणि ती भीती वावगी नाही. विषयवार गुणांचा कागद घेऊन त्यांच्याजवळ बस, गणिताच्या चुकांची यादी त्यांना दाखव आणि त्या सुट्टीत भरून काढण्यासाठी त्यांची मदत माग. मग एक मुदत ठरवा: पहिल्या सत्राच्या निकालापर्यंत थांबण्याचा विषय घरात कोणी काढायचा नाही, आणि तो निकाल लागला की तुम्ही दोघांनी पुन्हा याच टेबलावर बसायचे. दरम्यान, महाविद्यालय पाहायला जाशील तेव्हा त्यांनाच बरोबर ने. कार्यालयात पदवी पूर्ण करणाऱ्यांची संख्या विचारायला तुझी जीभ अडखळेल. बाबा ती नक्की विचारतील.